कारण सापडायची वाट पाहत थांबू नकोस

प्रिय पोरी,

तुझं पत्र वाचलं आणि सोबत पाठवलेले कागदही एकेक करून पाहिले. कंबरेचा एक्स-रे, कंबरेचा एमआरआय, व्हिटॅमिन डी, युरिक अ‍ॅसिड, संधिवातासाठी करतात ती आरए फॅक्टर तपासणी. सगळ्यांचं सार एकच, विशेष काही नाही. आणि पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, "काकू, काहीच नाही तर मग दुखतंय काय? की मीच नाटक करतेय?"

तू नाटक करत नाहीयेस. तुझं मन राखायला हे म्हणत नाही. माझी सगळी नोकरी फिजिओथेरपी विभागात गेली. कंबर धरून आलेल्या बहुतेक माणसांच्या रिपोर्टात दुखण्याचं नेमकं कारण सापडत नाही, हे तिथे रोज दिसायचं. जगभरातही कंबरदुखीच्या दहापैकी साधारण नऊ जणांच्या बाबतीत "हे इथून दुखतंय" असं बोट ठेवून सांगता येत नाही. दुखणं खरं असतं, फोटोत येत नाही एवढंच.

याच्या उलटही होतं. काहीच दुखत नसलेल्या ३,११० माणसांचे स्कॅन एकत्र अभ्यासलेला एक आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या, ठणठणीत लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या मणक्यातल्या गाद्यांची झीज झालेली होती आणि ३० टक्क्यांच्या गाद्या थोड्या फुगलेल्या होत्या. ऐंशीच्या घरात हेच आकडे ९६ आणि ८४ टक्के. त्यामुळे तुझ्या एमआरआयमधल्या 'माइल्ड डिस्क बल्ज', म्हणजे गादी किंचित फुगलेली, या एका ओळीवरून कुणी "मणक्यात गॅप आलाय, आता जन्मभर जपावं लागेल" म्हणालं असेल, तर ते मनातून काढून टाक. चोविसाव्या वर्षी जन्मभराची भीती घालायला तेवढी ओळ पुरेशी नाही.

आता मुद्द्याचं. सगळ्या कागदांपेक्षा तुझ्या पत्रातली तीन वाक्यं मला जास्त बोलली, आणि तीच तू येता जाता लिहिलीस. पहाटे तीन-चारला दुखून जाग येते. सकाळी कंबर लाकडासारखी होते आणि मोकळी व्हायला तासभर लागतो, पण मेसपर्यंत चालून आलं की बरं वाटतं. आणि कधी डावा कुल्ला ठणकतो, कधी उजवा. त्यात मागे एकदा तू म्हणाली होतीस की तुझ्या मामांची पाठ तरुणपणीच वाकली.

पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून जास्त टिकलेली, विश्रांतीने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी कंबरदुखी असेल, तर एका आजाराचा विचार व्हायलाच हवा. कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या थोडं वर दोन्ही बाजूंना ओटीपोटाची हाडं मणक्याला जिथे जोडलेली असतात, त्या सांध्यांना आतून सूज येते. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस हे नाव तू ऐकलं असशील, हे त्याच घराण्यातलं. आरए फॅक्टर या आजारात सहसा निगेटिव्हच येतो, म्हणून "आरए निगेटिव्ह, म्हणजे संधिवात नाही" हे तुला दिलेलं उत्तर अपुरं आहे. एक्स-रेत बदल दिसायला कित्येक वर्षं लागू शकतात. आणि कंबरेच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये हे सांधे नीट येतच नाहीत, त्यांचा वेगळा एमआरआय काढावा लागतो. तुझ्या फाइलमध्ये तो नाही.

हे निदान नव्हे. मी तुला तपासलेलं नाही आणि निदान करणं माझं कामही नाही. पण ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांकडे, तू एकदा जायलाच हवंस. हाडांच्या डॉक्टरांकडे पुन्हा पुन्हा नव्हे. संधिवाताच्या डॉक्टरांना मामांचं सांग. कधी डोळा लाल होऊन दुखला होता का, प्रकाश सहन होत नव्हता का, घरात कुणाला सोरायसिस आहे का, हेही आठवून ठेव. ते एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी सांगतील. ती पॉझिटिव्ह आली म्हणून आजार आहेच असं नसतं आणि निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असंही नसतं, बाकीच्या गोष्टींशी जुळवूनच तिचा अर्थ लावायचा. हा पुरुषांचा आजार आहे असं वर्षानुवर्षं मानलं गेलं, त्यामुळे मुलींचं निदान फार उशिरा होतं. मला याचा राग येतो. "अभ्यासाचा ताण आहे", "लग्न झालं की सगळं थांबेल" असं ऐकून गप्प घरी गेलेल्या मुली मी पाहिल्यात.

दुसरं, खुबा. लोक कंबरेखाली कुठेही हात ठेवून "खुबा दुखतो" म्हणतात, पण खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुधा पुढे जांघेत जाणवतं, कधी कधी तर फक्त गुडघ्यात. रिक्षातून उतरताना, मोजा घालताना, मांडी घालून बसताना जांघेत कळ येते का ते बघ. अशा माणसाला "कुठे दुखतं?" विचारलं की तो अंगठा मागे आणि बोटं पुढे असा खुबा हाताने कवळून दाखवतो. तुझं तसं असेल तर डॉक्टरांना खुब्याचा सांधा वेगळा तपासायला सांग. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होऊन हाड मरायला लागतं, तेव्हा सुरुवातीला एक्स-रे अगदी साफ असतो, एमआरआयमध्येच कळतं. सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्यांना याचा धोका जास्त, म्हणून तुझ्या अभ्यासिकेत गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडची कुणी अशी लंगडत असेल तर तिलाही हे सांग. स्टेरॉइड जास्त घेणाऱ्यांनाही हा धोका असतो. तुझ्या आत्याने गावाकडून पाठवलेली ती 'सांध्यांची पुडी' मी म्हणूनच बंद करायला सांगतेय. अशा नाव-गाव नसलेल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. दोन दिवसांत जादूसारखा फरक पडतो तो त्याच्यामुळे.

आणि पाळी. दुखणं पाळीच्या आधी-मधे वाढून पायात उतरतं का? तसं असेल तर एंडोमेट्रिओसिसबद्दल, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याबद्दल, स्त्रीरोगतज्ज्ञांना विचार. हाडांच्या डॉक्टरांसमोर, बाबा शेजारी बसलेले असताना, हे बोलायला तू लाजली असशील, मी समजू शकते. कागदावर लिहून दे.

काही लक्षणं मात्र अशी आहेत की दिसली तर परीक्षा, मेस, भाडं सगळं बाजूला ठेवायचं. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, दोन मांड्यांच्या मधला, बसायचा भाग बधिर झाला, पाऊल उचलेना, दोन्ही पायांतली ताकद गेली, तर त्याच तासाला हॉस्पिटलचा आपत्कालीन विभाग गाठ. संध्याकाळी ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम असं काही असेल तर दिवस घालवू नकोस. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून आहे आणि वेळेवर औषध सुरू झालं तर तो बरा होतो.

डॉक्टरांकडे जाताना ती जाडजूड फाइल पुढे ढकलू नकोस. ओपीडीत तुझ्या वाट्याला किती मिनिटं येतात ते तुला माहीत आहे. एकच पान लिही. कधी सुरू झालं, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, रात्री उठवतं का, सकाळी किती वेळ आखडलेलं राहतं, कुठली गोळी किती दिवस घेतली आणि तिचा काय उपयोग झाला. नुसतं 'दुखतं' लिहू नकोस. ठणकतं, की चमक निघते, की मुंग्या येतात, की आग होते, ते लिही. चमक कंबरेतून निघून पोटरीखाली पावलापर्यंत जाते की मांडीतच थांबते, यावरून नस दबली आहे का याचा अंदाज बांधता येतो.

इथवर शोधाचं झालं. पण समज, हे सगळं करूनही नाव सापडलं नाही. किंवा सापडायला वर्ष लागलं. तोवर काय?

बहुतेक जण इथेच अडकतात. कारण कळल्याशिवाय हलायचं नाही असं ठरवून बसतात. नाव मिळेल, मग औषध मिळेल, मग बरं वाटेल, मग चालायला लागू, असा त्यांचा हिशेब असतो. या वाट पाहण्यात पायांची ताकद जाते, झोप जाते, मैत्रिणी सुटतात आणि मूळ दुखण्यापेक्षा हे नुकसान मोठं होऊन बसतं. तुला माझं सांगणं एवढंच आहे की शोध एका बाजूला चालू राहू दे आणि जगणं आजपासून सुरू कर. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

तीन महिन्यांच्या पुढे गेलेल्या दुखण्यात मज्जासंस्था स्वतःच बदलू शकते. पाठीच्या कण्यातल्या पेशी जास्त संवेदनशील होतात, हे वेदनेचे अभ्यासक क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये प्रयोगाने दाखवलं. चोरी होऊन गेलेल्या घरातला कुत्रा पुढे पान सळसळलं तरी भुंकतो, तसं होतं. भुंकणं खरं असतं, पण दर वेळी दारात चोर असतोच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, २०२२ पासून लागू झालेल्या, दुसऱ्या कुठल्या आजाराने स्पष्ट न होणाऱ्या जुनाट वेदनेला स्वतंत्र जागा आहे. म्हणजे 'कारण सापडलं नाही' हेही आता वैद्यकाने मान्य केलेलं दुखणं आहे. पुढे कुणी "मनाचे खेळ आहेत" म्हणालं तर तुला हे माहीत असू दे. वाद घालायची गरज नाही.

त्याच संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. व्यायाम करा, दुखण्याबद्दल नीट समजून घ्या, गरज असेल तर मानसोपचाराची मदत घ्या, असं त्यात आहे. कंबरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून कंबर ताणणं, नेहमीचा उपचार म्हणून वापरू नका, असंही आहे. तू तो पट्टा लावून अभ्यासिकेत बसतेस, तो आता हळूहळू सोड. पहिले काही दिवस उघडं पडल्यासारखं वाटेल, ते जाईल.

चालणं हे तुझं पहिलं औषध. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ जणांवर एक चाचणी झाली, २०२४ मध्ये तिचे निष्कर्ष आले. ज्यांना टप्प्याटप्प्याने चालायला लावलं त्यांची कंबर पुन्हा दुखायला लागेपर्यंत मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) २०८ दिवस गेले, बाकीच्यांचे ११२. तुझं दुखणं त्यांच्यासारखं नाही, ते मधे थांबलेलंच नाही. तरी चालण्याची भीती घालवायला एवढं पुरे. वाईटातल्या वाईट दिवशीही जेवढं जमेल तेवढ्यापासून सुरू कर. दहा मिनिटं जमत असतील तर दहा. आठवड्याने दोन-तीन मिनिटं वाढव. आणि चांगल्या दिवशीही तेवढंच. तू नेमकं उलटं करतेस, पत्रातच लिहिलंयस. रविवारी बरं वाटलं म्हणून पर्वती चढलीस, खोली धुऊन काढलीस आणि बुधवारपर्यंत पडून राहिलीस. मग वाटतं व्यायामाने वाढलं. व्यायामाने वाढलं नाही, एका दिवसात आठवड्याचं उरकल्याने वाढलं.

अभ्यासिकेत सलग तीन-तीन तास बसू नकोस. अर्ध्या-पाऊण तासाने उठ, पाणी भरून आण. चालू घडामोडी उभं राहून वाच, खिडकीच्या कट्ट्यावर पुस्तक टेकतं. बाकी मुली बघतात म्हणून संकोच वाटतो म्हणालीस. आठवड्याभरात कुणी बघत नाही. पीएसआयच्या मैदानी चाचणीचा विचार आत्ता नको. आधी चालणं, मग पायांची ताकद, मग धावणं, आणि तेही संधिवाताच्या डॉक्टरांचं मत आल्यावर. राज्यसेवेची तयारी थांबवायचं मात्र काहीच कारण मला दिसत नाही.

वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून स्वतःच्या मनाने, रिकाम्या पोटी घेणं बंद कर. त्या पोटाला आणि किडनीला महाग पडतात. गंमत अशी की संधिवाताचे डॉक्टर कदाचित त्याच जातीची गोळी ठराविक दिवस नियमित घ्यायला सांगतील आणि तिने किती फरक पडतो ते बघतील. सांध्याची सूज असेल तर फरक बऱ्याचदा चांगला पडतो, आणि तेही त्यांना काही सांगून जातं. आजीच्या हातचं तेल चोळून घ्यायला माझी हरकत नाही, त्याने झोप लागते आणि तुला झोपेची फार गरज आहे. पण मणका 'बसवून' देणाऱ्याच्या हाती पाठ देऊ नकोस.

आणि आईचं. "कुणाला सांगू नको, स्थळं येतील तेव्हा अडचण होईल" असं ती म्हणते. ती वाईट हेतूने म्हणत नाही, तिला तुझी काळजी आहे. पण लपवण्याची किंमत तू रोज मोजतेयस. लग्नकार्यात दुखणं दाबून पंगती वाढतेस आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडतेस. घरात निदान एका माणसाला सगळं खरं सांग. मला वाटतं बाबांना सांगावंस. ते कमी बोलतात, पण तुझ्या फाइलमधल्या प्रत्येक पावतीमागे तारीख त्यांच्याच अक्षरात आहे. आईशी मी बोलेन. या महिन्यात गावी चाललेच आहे.

संधिवाताच्या डॉक्टरांची वेळ मिळाली की कळव. ते एक पान आधी मला पाठव, काही राहिलं असेल तर सांगते. तिथे त्यांना तीन गोष्टी स्पष्ट विचारून ये. माझ्या सकाळच्या आखडण्याचं कारण सूज असू शकते का? त्या सांध्यांचा एमआरआय हवा का? आणि तपासण्या साफ आल्या तर पुन्हा किती महिन्यांनी दाखवायचं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर घेतल्याशिवाय उठू नकोस. तारीख हातात असली की मधल्या काळात दर आठवड्याला नवा डॉक्टर शोधावासा वाटत नाही.

तुझी,
काकू