‘वनस्पतीच आहे ना?’ : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : माझी बहीण सहा वर्षांपासून नैराश्यासाठी एस्सिटॅलोप्राम घेते. आता अयाहुआस्का या भास घडवणाऱ्या काढ्याच्या शिबिराला जायचं तिने मनावर घेतलंय. ‘दोन दिवस आधी गोळी बंद करा, बाकी काढा सगळा वनस्पतींचाच आहे,’ असं आयोजकांनी कळवलंय. एवढी खबरदारी पुरेशी आहे का?

नाही. आणि असं कळवणाऱ्या शिबिराला जाऊच नये. ज्यांना गोळीचा हिशेब ठाऊक नाही, त्यांना काढ्याचाही ठाऊक नसणार.

या काढ्यात मुख्यतः दोन वनस्पती उकळतात : बॅनिस्टेरिऑप्सिस कापी ही वेल आणि सायकोट्रिया विरिडिस या झुडपाची पानं. पानांत डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य असतं, पण ते नुसतं पोटात गेलं तर आतड्यातलं आणि यकृतातलं मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) त्याची वाटेतच वासलात लावतं. वेलीतली हार्मिन, हार्मालिन ही द्रव्यं नेमकं हेच विकर काही तास अडवून धरतात, म्हणून डीएमटी मेंदूपर्यंत पोचतं. (ॲमेझॉनच्या जंगलात हजारो वनस्पतींतून ही जोडी कशी हाती लागली असेल, याचं नवल वाटतंच.)

गोम अशी, की हेच विकर सेरोटोनिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायनही मोडतं. एस्सिटॅलोप्राम सेरोटोनिन पेशीत परत शोषू देत नाही आणि काढा ते मोडू देत नाही. दोन्ही एकदम झालं की ते साचत जातं आणि सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो : हातपाय थरथरणं, पाऊल झटक्याने वर दाबलं तर ते आपोआप उडत राहणं, दरदरून घाम, बाहुल्या विस्फारणं, पुढे ताप आणि स्नायूंचा ताठरपणा. काढ्याने उलट्या-जुलाब एरवीही होतात, त्यामुळे सुरुवातीची लक्षणं ‘शुद्धी चाललीय’ म्हणून सोडून दिली जातात. थरथरीबरोबर ताप दिसला, तर थेट रुग्णालय गाठायचं.

आता दोन दिवसांचं गणित. एस्सिटॅलोप्रामचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण 30 तास लागतात. म्हणजे 48 तासांनंतरही जवळजवळ तिसरा हिस्सा अंगात असतो, आणि ते बहुतांशी निघून जायला आठवडा लागतो. नैराश्यावरची दुसरी गोळी, फ्लुओक्सेटिन, असेल तर पाच आठवडे धरा. शिवाय गोळी एकदम तोडली तर चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके, चिडचिड सुरू होते आणि आजार उलटण्याची भीती असते ती वेगळीच. डोस कमी करायचा तर मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने. ‘तुमची गोळी थांबवता येणार नाही,’ असं त्यांनी सांगितलं, तर शिबिराचा बेत रद्द. वेदनाशामक ट्रॅमाडॉल आणि खोकल्याच्या औषधांतलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन हेही या काढ्याबरोबर धोक्याचे आहेत.

प्रश्न : भास घडवणाऱ्या ज्या द्रव्यांना कालपर्यंत अमली पदार्थ म्हणत, त्यांचीच आज विद्यापीठं स्तुती करतात. मधे काय घडलं?

अशी कौतुकाची लाट याआधीही एकदा आली होती. 1955 साली गॉर्डन वॉसन हा अमेरिकी बँकर मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतात मारिया साबिना या माझातेक जमातीच्या वैदूबाईंच्या, भास घडवणारी अळंबी खाण्याच्या रात्रविधीला बसला आणि 1957 मध्ये त्याने ‘लाइफ’ मासिकात त्यावर लेख लिहिला. पुढच्याच वर्षी अल्बर्ट हॉफमन यांनी त्या अळंबीतून सायलोसायबिन हे भास घडवणारं द्रव्य वेगळं केलं. मग मनोविकारतज्ज्ञ त्यावर काम करू लागले आणि हौशी परदेशी मारियाबाईंच्या गावात लोटले. गावाने रोष काढला तो त्यांच्यावरच, त्यांचं घर जाळलं गेलं. कौतुकाच्या लाटेत या बाईंचं नाव हमखास येतं, हे क्वचितच.

1971 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात सायलोसायबिन, डीएमटी, मेस्कलिन (पेयोटी निवडुंगातलं द्रव्य) पहिल्या, सर्वांत कडक यादीत गेली. तेवढ्यावरून ‘राजकारणाने संशोधन मारलं’ असं सर्रास सांगतात. ते अर्धसत्य आहे. 1962 नंतर अमेरिकेत औषधाचा गुण काटेकोर चाचण्यांनी सिद्ध करणं सक्तीचं झालं आणि ही द्रव्यं तिथेच अडली, कारण अशा चाचणीत कोणाला खरं औषध मिळालं हे कळता कामा नये, आणि इथे ते अर्ध्या तासात सगळ्यांनाच कळतं. हा पेच आजही सुटलेला नाही. 2024 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषधनियामक संस्थेने एमडीएमए (‘एक्स्टसी’तलं द्रव्य) औषध म्हणून नाकारलं, तेव्हाही तो चर्चेत होताच. उलट ऑस्ट्रेलियाने जुलै 2023 पासून मान्यताप्राप्त मनोविकारतज्ज्ञांना, इतर औषधांना न जुमानणाऱ्या नैराश्यासाठी सायलोसायबिन लिहून देण्याची मुभा दिली.

प्रश्न : सायलोसायबिनच्या एका डोसात नैराश्य जातं, हे खरं का? आणि तो देतात तरी कसा?

काहींचं जातं. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याचे 233 रुग्ण होते. 25 मिलिग्रॅम मिळालेल्यांपैकी 37 टक्क्यांना तीन आठवड्यांनी ठळक फरक पडला. नाममात्र 1 मिलिग्रॅम मिळालेल्यांत हे प्रमाण 18 टक्के होतं. बाराव्या आठवड्यापर्यंत टिकून राहिलेला गुण 25 मिलिग्रॅमच्या गटात 20 टक्क्यांवर आला. काही रुग्णांत आत्महत्येचे विचारही नोंदले गेले. आशा धरण्याजोगे आकडे आहेत. चमत्काराचे नाहीत.

देण्याची पद्धत खूप काही ठरवते. आधी चाळणी : स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकांना स्किझोफ्रेनिया वा बायपोलर असेल, तर सहसा घेतच नाहीत. अनियंत्रित रक्तदाब आणि हृदयविकारही बाद. बायपोलरवरचं लिथियम हे औषध चालू असताना फेफरं येऊ शकतं. मग तयारीच्या बैठका, त्यात भीती दाटली तर काय करायचं, कोणी हात धरलेला चालेल का, हेसुद्धा आधी ठरवतात. डोसाच्या दिवशी प्रयोगशाळेत बनवलेली, मोजून भरलेली कॅप्सूल देतात. अळंबी नाही, कारण एकाच खेपेतल्या दोन अळंब्यांतही द्रव्याचं प्रमाण कितीतरी पटींनी बदलतं. रुग्ण डोळ्यांवर पट्टी बांधून आडवा होतो, संगीत चालू असतं, प्रशिक्षित माणूस पूर्णवेळ जवळ बसतो. रक्तदाब अधूनमधून मोजतात, कारण तो काही काळ चढतो. परिणाम चार ते सहा तास राहतो. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, घरी न्यायला माणूस लागतो. पुढच्या काही दिवसांत जे दिसलं-उमगलं त्यावर बोलायच्या बैठका होतात. घाईच्या ठिकाणी पहिली काट या बैठकांनाच बसते.

प्रश्न : इबोगाने व्यसन सुटतं म्हणतात. घरच्या माणसाला नेऊ का?

गॅबनमधल्या ब्विती परंपरेतली ही वनस्पती. तिच्या मुळाच्या सालीतलं आयबोगेन अफूच्या व्यसनातली तडफड कमी करतं, असं अनेक निरीक्षणांत दिसलंय. पण ते हृदयातल्या पोटॅशियमच्या वाटा अडवतं, ईसीजीतला क्यूटी काळ (ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ) लांबवतं आणि ठोके बिघडून मृत्यू झालेले आहेत. त्याचं शरीरात तयार होणारं रूप दिवसेंदिवस टिकतं, म्हणून धोका पहिल्या रात्रीनंतर सरत नाही. अफूच्या व्यसनावर देतात ते मेथाडोनही क्यूटी लांबवतं, त्यामुळे ते घेणाऱ्यांना दुहेरी जोखीम. आधी ईसीजी, पोटॅशियम-मॅग्नेशियमची तपासणी आणि उपचाराच्या वेळी सतत हृदयनिरीक्षण, हे जिथे नाही तिथे माणसाला नेऊ नका.