शाबासकी कोणी द्यायची?

कंपनीने आपल्या माणसांना बक्षीस आणि प्रोत्साहन कसं द्यावं, या विषयावर मागच्या अंकात पत्रं मागवली होती. आलेल्या पत्रांत मालकांची जास्त, सुपरवायझरांची काही आणि ज्यांना ही बक्षिसं मिळतात (किंवा मिळत नाहीत) त्यांची अगदी थोडी. मी टाइम ऑफिसात हजेरीची कार्डं तपासण्यापासून सुरुवात केली आणि पर्सनल (म्हणजे कर्मचाऱ्यांचं काम बघणाऱ्या) खात्याची प्रमुख म्हणून निवृत्त झाले. तेव्हा उत्तरांना त्या खात्याचा वास येणार, हे धरून चाला.

प्रश्न : आमचा यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे, चाळीसेक माणसं आहेत. ‘महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी’ अशी योजना सुरू केली. फळ्यावर फोटो, प्रमाणपत्र, थोडी रोख रक्कम. सुरुवातीला टाळ्या पडायच्या. आता नाव जाहीर झालं की मागून हसू ऐकू येतं. बंद करावी का?

उत्तर : हसू येतं, कारण पुढच्या महिन्याचं नाव सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण मी पैज लावायला तयार आहे : पहिले काही महिने सरल्यावर बक्षीस पाळीपाळीने फिरायला लागलं असणार. या विभागाला झालं, आता त्याला द्या. अमक्याला अजून मिळालं नाही, तो रुसेल. असं करणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण पाळीने येणारं बक्षीस साप्ताहिक सुट्टीसारखं होतं : मिळाली तर कौतुक नाही, चुकली तर भांडण.

त्याहून महत्त्वाचं, निवड कोण करतं? बहुतेक ठिकाणी सुपरवायझर दोन-तीन नावं पाठवतो आणि केबिनमध्ये त्यातल्या एकावर खूण होते. प्रमाणपत्रावर छापलेलं असतं ‘निष्ठा व परिश्रमाबद्दल’. कुठल्या दिवशीचे परिश्रम, कुठल्या मशीनवरचे, ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही. घेणाऱ्याला ते पहिल्याच क्षणी कळतं.

आमच्याकडे मेंटेनन्सला एक फिटर होते. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी लाइनवरच्या मोटरींवर एकेक करून तळहात टेकवत पुढे जायचे. एखादी नेहमीपेक्षा गरम लागली की थांबायचे, बेअरिंगचा आवाज ऐकायचे, गरज असेल तर ग्रीस करायचे आणि खिशातल्या छोट्या वहीत मोटरचा नंबर टिपायचे. त्यांच्या लाइनवर ब्रेकडाउन फारसं व्हायचंच नाही, म्हणून बक्षिसाच्या यादीत त्यांचं नाव कधी चढलं नाही. शेजारच्या लाइनवर मोटर जळायची, तिथला फिटर रात्रभर थांबून ती बदलायचा आणि सकाळी साहेब त्याची पाठ थोपटायचे. थोपटायला हवीच होती. पण नव्याने लागलेल्या पोरांनी त्यातून काय शिकायचं? मोटर जळू द्यावी, मग धावपळ करावी, ती दिसते.

पुढे प्रॉडक्शनला नवे मॅनेजर आले, स्वतः मशीनवर हात काळे केलेले. त्यांनी एक दिवस ती वही मागून घेतली, उभ्या उभ्या चाळली आणि विचारलं, “ही सात नंबरची सारखी का तापते हो?” फिटर म्हणाले, फाउंडेशनचे बोल्ट ढिले आहेत, अलाइनमेंट सरकते, किती वेळा सांगितलं. पुढच्या शटडाउनमध्ये बोल्ट बदलून घेतले. टाळ्या नाहीत, फोटो नाही. फिटर मात्र त्यानंतर दोन हेल्परांना बरोबर घेऊन फिरायला लागले, हात कुठे ठेवायचा ते दाखवत. कोणी सांगितलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याला काम कळतं त्याचीच शाबासकी लागते. त्यामुळे योजना बंद करू नका, फक्त ‘महिन्याचा’ हा शब्द काढून टाका. सांगण्यासारखं काही घडलं नाही तर त्या महिन्यात नाव नको. घडलं तर काय घडलं ते तीन-चार वाक्यांत फळ्यावर लिहा, आणि ते लिहिण्यासाठी स्वतः शॉपफ्लोअरवर जा. बाकीचे नाराज होतील ही भीती सोडा. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डेटा एंट्री करणाऱ्यांचे गट केले होते. ज्या गटांत फक्त पहिल्या तिघांना आभाराचं कार्ड दिलं, तिथे त्यानंतरचं काम सुधारलं, आणि सुधारणा मुख्यतः कार्ड न मिळालेल्यांच्या कामात होती. वरचे तिघे खरोखरच वरचे होते, यातच त्याचं कारण असावं असं मला वाटतं.

प्रश्न : पूर्ण हजेरीसाठी बक्षीस ठेवावं का?

उत्तर : नको. एका औद्योगिक लाँड्रीत हे करून पाहिलं होतं. महिनाभर एकदाही उशीर नाही, विनापरवानगी रजा नाही, अशांची नावं सोडतीत टाकायची. गुब्लर, लार्किन आणि पिअर्स या तिघांनी त्याचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध केला. झालं असं की उशीर होणार असं दिसलं की लोक सरळ आजारी असल्याचं कळवायला लागले, म्हणजे उशीर लागत नाही. एकदा महिना हातचा गेला की उरलेल्या दिवसांत वेळेची फिकीर संपली. आणि जे योजनेआधी आपणहून वेळेवर यायचे त्यांचा हुरूप गेला, त्यांचं कामही मंदावलं. एकूण उत्पादकता 1.4 टक्क्यांनी खाली आली. आधीच नीट वागणाऱ्याला तुम्ही बक्षीस दाखवता, तेव्हा तो जे कर्तव्य म्हणून करत होता त्याचा भाव ठरवता. सतत उशिरा येणारी चार-पाच माणसंच असतात. त्यांना एकेकाला बोलवा आणि कारण विचारा. निम्म्या वेळा कारण घरचं निघतं आणि शिफ्ट बदलून प्रश्न सुटतो.

प्रश्न : मी ग्राहकसेवा विभाग सांभाळतो. दिवसाला किती कॉल संपवले यावर इन्सेंटिव्ह लावला. कॉल दीडपट झाले आणि तक्रारीही वाढल्या. लोक मुद्दाम करतात का?

उत्तर : मुद्दाम नाही, तुम्ही सांगितलंत तसंच करतात. तुम्ही कॉल संपवण्याचे पैसे लावलेत, ते कॉल संपवतायत. ग्राहकाचं काम झालं की नाही हे तुमच्या तक्त्यात कुठेच नाही. स्टीव्हन कर या अभ्यासकाने 1975 साली लिहिलेल्या एका लेखाचं सार हेच होतं : कंपन्या बक्षीस एका गोष्टीला लावतात आणि आशा दुसरीचीच धरतात. तो लेख आजही शिकवला जातो आणि चूकही आजही होते. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने शाखांतल्या माणसांना खाती विकण्याची टार्गेटं दिली. लोकांनी ग्राहकांना न विचारता खाती उघडली. 2016 मध्ये बँकेला 18.5 कोटी डॉलरचा दंड झाला आणि काही वर्षांत मिळून सुमारे 5,300 माणसं काढल्याचं बाहेर आलं. एवढी माणसं एकाच वेळी बेइमान जन्माला येत नाहीत.

म्हणून इन्सेंटिव्ह वाईटच, असंही मी म्हणणार नाही. गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या सेफलाइट कंपनीने 1990च्या दशकात तासाचा पगार सोडून बसवलेल्या काचेमागे पैसे द्यायला सुरुवात केली. अर्थतज्ज्ञ एडवर्ड लझिअर यांनी मांडलेल्या हिशेबाप्रमाणे माणशी काम 44 टक्क्यांनी वाढलं. त्यातला साधारण निम्मा भाग तीच माणसं जास्त काम करू लागल्याचा होता, बाकीचा बराचसा चपळ माणसं टिकून राहिल्याचा आणि नवी येण्याचा. पण खोच इथे आहे : काच नीट बसली नाही तर ती ज्याने बसवली त्यानेच पदरच्या वेळात पुन्हा बसवायची. आणि कोणती काच कोणी बसवली हे लगेच कळतं.

तुमच्याकडे हे कळतं का, ते आधी बघा. त्याच ग्राहकाचा त्याच कारणासाठी आठवडाभरात पुन्हा फोन आला तर पहिला कॉल मोजू नका. एवढा एक बदल करा. तरीही मी तुमच्या जागी असते तर रोज अर्धा तास हेडफोन लावून कॉल ऐकले असते. तक्त्यात न दिसणारं बरंच काही तिथे ऐकू येतं.

प्रश्न : आमचे साहेब कौतुक भरपूर करतात. मेल येतात, मीटिंगमध्ये टाळ्या होतात. तीन वर्षं पगारवाढ मात्र नाही. विचारलं की म्हणतात, “माणूस फक्त पैशासाठी काम करत नाही.” आता कौतुक झालं की चिडच येते. माझं चुकतंय का?

उत्तर : काही चुकत नाही. साहेबांनी हर्झबर्ग अर्धाच वाचलेला दिसतो. फ्रेडरिक हर्झबर्ग हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 200 इंजिनिअर आणि अकाउंटंटना कामावरचे फार चांगले आणि फार वाईट प्रसंग विचारले आणि 1959 साली निष्कर्ष मांडले. चांगल्या प्रसंगांत यश, दखल, कामातला रस, जबाबदारी. वाईटांत कंपनीची धोरणं, देखरेखीची पद्धत. पगार त्यांनी असमाधानाच्या बाजूला घातला. म्हणजे पगार वाढवून उत्साह टिकेलच असं नाही, पण पगार खटकत असला की मन कामात राहत नाही. यातलं पहिलं अर्धं साहेबांना पाठ आहे, दुसरं सोयीने विसरलंय.

जानेवारी 1914 मध्ये हेन्री फोर्डने आठ तासांच्या दिवसाला पाच डॉलर देण्याची घोषणा केली, आधीच्या जवळजवळ दुप्पट. ती उदारपणाची गोष्ट म्हणून सांगतात. पण आधीच्या वर्षी माणसं इतक्या वेगाने सोडून जात होती की गळतीचं प्रमाण 370 टक्क्यांवर गेलं होतं, म्हणजे एका जागेवर वर्षात तीन-चार माणसं बदलायची. रोज नवा माणूस शिकवण्यापेक्षा जुना टिकवणं स्वस्त पडलं. (त्या पाच डॉलरमधला मोठा वाटा मिळण्यासाठी घरी येणाऱ्या तपासनिसाकडून पास व्हावं लागे, हे कमी सांगितलं जातं.)

साहेबांकडे भावनेने जाऊ नका. तीन वर्षांत वाढलेल्या जबाबदाऱ्या एका कागदावर लिहा, त्यांनीच पाठवलेल्या कौतुकाच्या मेल तारखांसह मागे जोडा, आणि पगाराचा आकडा मागा. “बघू” म्हणाले तर “कधी बघू?” एवढंच विचारा. तारीख मिळाली नाही तर बाहेर अर्ज करायला लागा.

प्रश्न : आमची छोटी संस्था आहे, द्यायला पैसे नाहीत. माणसांचा उत्साह कसा टिकवायचा?

उत्तर : पगार वेळेवर होतो ना? होत नसेल तर बाकी सगळं सोडा. होत असेल तर त्यांच्या कामाचं पुढे काय होतं ते त्यांना दाखवा. अॅडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञांच्या 2007 सालच्या एका प्रयोगात विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांना, त्या पैशातून शिष्यवृत्ती मिळालेला एक विद्यार्थी पाच मिनिटं भेटला. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता. तुमच्या स्टोअरकीपरने किंवा टायपिस्टने तुमचा लाभार्थी कधी पाहिलाय का?

प्रश्न : सूचना पेटी ठेवली आहे, बक्षीसही जाहीर केलंय. पेटी रिकामीच राहते.

उत्तर : कोडॅक या कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीत 1898 साली सूचनेसाठी दोन डॉलर दिले गेले ते खिडक्या धुवा म्हणणाऱ्या कामगाराला, आत उजेड यावा म्हणून. तुमच्या पेटीत अशी चिठ्ठी आली असती तर ‘ही काय सूचना आहे?’ म्हणून बाजूला पडली असती का? लोक बक्षीस लहान आहे म्हणून गप्प बसत नाहीत. मागच्या चिठ्ठीचं काय झालं ते कळलं नाही म्हणून बसतात. प्रत्येक सूचनेला आठ दिवसांत उत्तर द्या, नकार असेल तर कारणासकट, आणि ते उत्तर त्या विभागाच्या माणसाने जागेवर जाऊन तोंडी द्यावं. सुरुवात पहिल्या वर्षी आलेल्या चिठ्ठ्यांपासून करा. पर्सनलच्या कपाटात असतील, बहुधा खालच्या खणात.