पाच दिवसांनंतर कुठे?

प्रश्न : नवऱ्याची मारहाण असह्य होऊन माझी धाकटी बहीण घराबाहेर पडली आहे. ती आणि ७ वर्षांची मुलगी सखी केंद्रात (हिंसाग्रस्त महिलांसाठीचं सरकारी मदत केंद्र) आहेत, १३ वर्षांचा मुलगा आमच्या एका खोलीच्या घरात. केंद्रात पाचच दिवस राहता येतं म्हणतात. सासरचं घर सासूच्या नावावर आहे, म्हणून तिचा काही हक्क नाही, असं नवरा सांगतो. पुढे काय करावं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नवऱ्याचं ऐकू नका. सासूच्या मालकीचं असलं तरी बहिणीने जिथे संसार केला ते ‘सामायिक घर’ ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सतीशचंद्र आहुजा खटल्यात स्पष्ट केलं आहे. पण हक्क आहे म्हणून मार खायला परत जा, असं आम्ही सांगणार नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम १९ दुसरी वाटही देतं: नवऱ्याने त्याच दर्जाचं पर्यायी घर द्यावं किंवा भाडं भरावं, असा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. बहिणीने हेच मागावं. कारण मुलाचं वय.

सहाव्या दिवशी ती मुलीला घेऊन शक्ती सदन या सरकारी योजनेतल्या निवारागृहात (पूर्वीचं स्वाधारगृह) जाऊ शकते. तिथे बराच काळ राहता येतं, पण १२ वर्षांपुढच्या मुलाला आईसोबत ठेवत नाहीत. त्याच्यासाठी बालगृह सुचवलं जातं आणि कितीतरी आया मुलासाठी म्हणून पुन्हा त्याच घरात जातात. आईला मुलांसकट सहा महिने, वर्षभर राहता येईल अशा स्वतंत्र खोल्या सरकारने उभारायलाच हव्यात. तोवर मुलाला तुमच्याकडेच ठेवा. ‘थोडे दिवस’ म्हणूनही सासरी पाठवू नका. ताब्याचा वाद तिथूनच सुरू होतो.

केंद्रात आहे तोवर संरक्षण अधिकाऱ्याकडून (याच कायद्याखाली नेमलेला अधिकारी) हिंसेच्या घटनांचा अहवाल (डीआयआर) भरून त्याची प्रत घ्या. जखमांची नोंद सरकारी रुग्णालयात आजच करा. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं, स्त्रीला उत्पन्नाची अट नाही, फोन १५१००. बहीण तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो.

कायद्यात निकालासाठी ६० दिवसांचं उद्दिष्ट आहे, प्रत्यक्षात प्रकरणं रेंगाळतात. म्हणून मूळ अर्जासोबतच याच कायद्याच्या कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश मागा. अर्ज फसतो तो बहुधा मोघमपणामुळे. ‘राहण्याची सोय करावी’ एवढंच लिहिलं तर हातात काही पडत नाही. भाडं किती, डिपॉझिट किती, सामान हलवायला किती, हे आकड्यांत लिहा आणि त्याच भागातल्या दोन-तीन खोल्यांचे दर जोडा. उत्पन्न व मालमत्तेचं शपथपत्र राहिलं तर नुसती पुढची तारीख मिळते.

निवारागृहाचा पत्ता नातेवाइकांनाही सांगू नका. तिने सांगितल्यास तिची माहिती नवऱ्याला न देणं संस्थेवर नियमाने बंधनकारक आहे. फोनचं लोकेशन बंद करा. बँक खात्याला नवऱ्याचा नंबर जोडलेला असेल तर तो आधी बदला. मुलांची शाळा बदलावी लागली, तर दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला आठवीपर्यंत प्रवेश अडवता येत नाही.

नवरा नोकरीत असेल तर त्याची पगारपावती किंवा निदान कामाच्या ठिकाणाचा पत्ता मिळवून ठेवा. त्याने पोटगी थकवली तर ती पगारातून कापून परस्पर बहिणीला द्यावी, असा आदेश कलम २० नुसार त्याच्या मालकाला देता येतो.