नायक घर सोडतो, संकटं झेलतो, काहीतरी मिळवून परततो: हा साचा खरंच जगभर आहे का?

तुम्ही विचारलंय की हा साचा सगळ्याच पुराणकथांत आणि लोककथांत दिसतो का. जाणं आणि परतणं पुष्कळ ठिकाणी दिसतं. पण ‘मिळवून’ या शब्दाशी मी अडखळतो.

हा साचा गाजला तो अमेरिकन अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांच्यामुळे, १९४९ साली. त्यांनी जगभरच्या कथा गोळा केल्या, पण बहुतेकींचा साच्यात बसणारा तुकडाच घेतला. १९२८ मध्ये रशियात व्लादिमीर प्रॉप यांनी ३१ घटनांचा क्रम मांडला होता, तो शंभर रशियन परीकथा तपासून, आणि त्याच प्रकारच्या कथांपुरता. मला ही शिस्त जास्त पटते.

आता गिल्गमेश बघा, मेसोपोटेमियातल्या उरुकचा राजा. जिवलग मित्र एन्किडू गेल्यावर मरणाच्या धास्तीनं तो अमरत्व शोधायला निघतो आणि महाप्रलयातून वाचलेल्या उत्नापिश्टिमपर्यंत पोचतो. उत्नापिश्टिम म्हणतो, आधी सहा दिवस सात रात्री जागून दाखव. गिल्गमेश बसल्या जागी झोपतो. उठल्यावर नाकबूल करू नये म्हणून म्हाताऱ्याची बायको रोज एक भाकरी भाजून त्याच्या उशाशी ठेवते. तो जागा होतो तेव्हा पहिली वाळून गेलेली, पाचवीला बुरशी, सातवी अजून निखाऱ्यावर. (पराभवाचा इतका घरगुती पुरावा मी दुसऱ्या कुठल्या महाकाव्यात वाचलेला नाही.) पुढे तारुण्य देणारी वनस्पती हाती लागते, तीही तो पाण्यात उतरलेला असताना साप पळवतो. राजा रिकाम्या हातानं उरुकला येतो आणि सोबतच्या नावाड्याला शहराचा तट दाखवतो.

आणि आपली आदित्यराणूबाईची कहाणी? माझी आजी श्रावणातल्या रविवारी ती सांगायची. ब्राह्मणाची एक मुलगी राजाला दिलेली, एक प्रधानाला. बाप कहाणी सांगायला येतो तर राणी म्हणते, राजा पारधीला जाणार, मला वेळ नाही. घरात दारिद्र्य येतं. मग ती एकेका मुलाला मावशीकडे धाडते. मावशी कोहळा पोखरून होनमोहरा भरून देते, वाटेत माळ्याच्या रूपात सूर्यनारायण तो काढून घेतो. दुसऱ्याची तशीच मोहरा भरलेली काठी जाते. चार मुलगे चार वेळा जातात आणि रिकामेच येतात. आई विचारते, काय आणलंस? ‘दैवानं दिलं, कर्मानं नेलं.’

साच्याप्रमाणे कथा या मुलांची व्हायला हवी होती. ती होते आईची. ती स्वतः बहिणीकडे जाते, श्रावण येईपर्यंत राहते, कहाणी ऐकते. राक्षस नाही, लढाई नाही, ऐकणं एवढंच. परतताना ती वाटेत उपाशी माणूस शोधते, कारण आता तिला कहाणी सांगायला कुणीतरी हवं असतं. एक मोळीविक्या भेटतो. सहा मोत्यांपैकी तीन ती त्याला देते, तीन आपल्याकडे ठेवते, मनोभावे सांगते, तो चित्तभावे ऐकतो. त्याची मोळी सोन्याची होते. पुढे माळी भेटतो, आणि त्याच्या कोरड्या विहिरीला पाणी लागतं.