बीएचएमटी एन्झाइममध्ये जस्त नेमकं काय करतं?

तुम्ही विचारलंय, यकृतातल्या बीएचएमटीत (बीटेन-होमोसिस्टीन मिथाइलट्रान्सफरेज या एन्झाइमात) जस्त नुसता आकार सांभाळतं की अभिक्रियेतही उतरतं, आणि बीटेन म्हणजे बीटमधलंच का.

जस्त अभिक्रियेत उतरतं. ते काढून घेतलं तर एन्झाइम निकामी. मी म्हापशात बारावीला जीवशास्त्र शिकवतो. ‘धातू म्हणजे आधाराचा खांब’ हे वाक्य मुलं शिकवणीतून पाठ करून येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बीएचएमटीचं काम एका ओळीचं: बीटेन या छोट्या रेणूचा एक मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) उचलून होमोसिस्टीन या अमायनो आम्लाच्या गंधकाला लावायचा. होमोसिस्टीनचं मेथिओनिन हे दुसरं अमायनो आम्ल होतं, बीटेनचं डायमिथाइलग्लायसीन उरतं. (मेथिओनिन बनवण्याची दुसरी वाटही आहे, तिला फोलेट आणि बी-१२ लागतं.)

खरी गंमत रचनेत आहे. माणसाच्या या एन्झाइमची साखळी ४०६ अमायनो आम्लांची. तिची घडी पिंपासारखी पडते: आत आठ बीटा पट्ट्या, बाहेर आठ अल्फा मळसूत्रं. अशा चार साखळ्या एकत्र येऊन पुरं एन्झाइम होतं. पिंपाच्या तोंडाशी जस्ताचा एक अणू बसतो आणि त्याला साखळीतली तीन सिस्टीन (गंधक असलेली अमायनो आम्लं) धरून ठेवतात, क्रमांक २१७, २९९ आणि ३००. शेवटची दोन सख्खी शेजारी, पहिलं मात्र ८२ घरं मागे. घडी पडल्यावरच तिघं एकत्र येतात.

होमोसिस्टीन आलं की त्याचं गंधक जस्ताला चिकटतं, आपला हायड्रोजन सहज सोडतं आणि ऋणभारित होतं. असं गंधक बीटेनच्या मिथाइलवर थेट झडप घालतं. जस्ताविना, शरीराच्या सामूला (पीएचला), ते बहुतांशी हायड्रोजन धरूनच बसलं असतं.

प्रयोगशाळेत हे एन्झाइम हाताळायचं तर सोबत क्षपणक (ऑक्सिडीकरण रोखणारा पदार्थ) ठेवावा लागतो. नाहीतर हवेतल्या ऑक्सिजनने २१७ आणि २९९ एकमेकांना जोडले जातात आणि जस्त निसटतं.

आता बीटेन. नाव बीटवरूनच पडलं, कारण ते प्रथम तिथे सापडलं. पण आपल्या ताटातल्या तिसऱ्यांतही (खाडीतल्या शिंपल्यांत) ते असतं. त्या जिथे वाढतात त्या आमच्या गोव्यातल्या मांडवी नदीचं पाणी उन्हाळ्यात खारट, पावसात जवळजवळ गोडं. खारटपणा वाढला की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जाऊ नये म्हणून असे जीव पेशीत बीटेन साठवतात. तिसऱ्यांच्या सुक्याला जी गोडसर चव येते, तिच्यात थोडा वाटा त्याचाही आहे. सगळं श्रेय खोबऱ्याला देऊ नका.