पुढचे औषध कोणते? अल्सरेटिव्ह कोलायटिसविषयी (मोठ्या आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाविषयी) वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वय 34 आहे. मेसालामाइन (आतड्याचा दाह कमी करणारे औषध) सुरू आहे आणि दीड वर्षापासून अझाथायोप्रिनही (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) घेतो. तरी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड 15 मिलिग्रॅमच्या खाली आणले की शौचातून रक्त पुन्हा सुरू होते. डॉक्टर आता बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेले, दाह रोखणारे) इंजेक्शन सुचवतात. थेट तिथे जावे का? (नाशिक)

उत्तर : स्टेरॉइड सुरू केल्यापासून तीन महिन्यांत ज्यांची मात्रा दिवसाला 10 मिलिग्रॅमच्या खाली नेता येत नाही, त्यांना स्टेरॉइडवर अवलंबून असलेले रुग्ण म्हणतात आणि तुम्ही त्यांच्यात मोडता. स्टेरॉइडवर दिवस ढकलत राहणे हा यातला सर्वांत वाईट पर्याय आहे, कारण त्याने हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू लवकर येतो आणि आतड्याचा आजार मात्र आटोक्यात राहत नाही. म्हणून तुमच्या डॉक्टरांची दिशा योग्य आहे. परंतु पुढच्या औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी आधीचे औषध का अपुरे पडले, हे तपासलेच पाहिजे.

पहिली तपासणी साधी आहे. मेसालामाइन दिवसाला किती ग्रॅम आणि कोणत्या मार्गाने घेता? दाह सुरू असताना 4 ग्रॅमच्या वरपर्यंत मात्रा लागू शकते आणि गोळीच्या जोडीला गुदद्वारावाटे सपोझिटरी (आत विरघळणारी वडी) किंवा एनिमा (द्रवरूप औषध) घेतला, तर नुसत्या गोळीपेक्षा गुण चांगला येतो. एनिमा रात्री झोपताना डाव्या कुशीवर पडून घ्यायचा आणि तो होईल तितका वेळ आत राहू द्यायचा असतो. एकच संडास असलेल्या भरल्या घरात हे जमत नाही, संकोच वाटतो आणि रुग्ण तो गुपचूप सोडून देतो. डॉक्टर मात्र कागदावर ‘औषध लागू पडले नाही’ असे लिहितात. तुमच्या बाबतीत असे घडले असेल, तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

दुसरी तपासणी संसर्गाची. अमीबा आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जिवाणू यांसाठी शौचाची तपासणी व्हावी. सिग्मॉइडोस्कोपी (गुदद्वारावाटे दुर्बिणीने आतड्याची तपासणी) करून घेतलेल्या आतड्याच्या तुकड्यात सायटोमेगॅलो विषाणू आहे का, हेही पाहावे, कारण दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांत तो आढळतो आणि तो असताना प्रतिकारशक्ती आणखी दाबल्यास आजार बळावतो. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके वरचेवर घेत असाल, तर तेही सांगावे. एवढे निस्तरूनही दाह उरला, तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडॅलिमुमॅब (दाह वाढवणारा टीएनएफ हा घटक रोखणाऱ्या एकाच गटातली बायोलॉजिक), व्हेडोलिझुमॅब हे वेगळ्या गटातले बायोलॉजिक आणि टोफासिटिनिब गोळी हे आपल्याकडचे मुख्य पर्याय आहेत. व्हेडोलिझुमॅब आणि अडॅलिमुमॅब यांची थेट तुलना करणारी चाचणी 2019 साली प्रसिद्ध झाली. तीत 52 आठवड्यांनी व्हेडोलिझुमॅब घेणाऱ्या 31.3 टक्के, तर अडॅलिमुमॅब घेणाऱ्या 22.5 टक्के रुग्णांची लक्षणे पूर्ण शमलेली होती. इन्फ्लिक्सिमॅब घ्यायचे ठरले, तर अझाथायोप्रिन लगेच बंद करू नये. दोन्ही औषधे एकत्र घेतली, तर स्टेरॉइडशिवाय बरे राहण्याची शक्यता वाढते.

प्रश्न : माझ्या बहिणीला इन्फ्लिक्सिमॅबने वर्षभर उत्तम गुण आला. आता सलाइन लावण्याची तारीख यायच्या पंधरा दिवस आधीच शौचाची घाई आणि रक्त सुरू होते. औषध बदलायचे का? (पुणे)

उत्तर : लगेच नाही. हे औषध सुरुवातीला शून्य, दोन आणि सहा आठवड्यांनी व नंतर दर आठ आठवड्यांनी दिले जाते. पुढच्या मात्रेच्या आदल्या दिवसांत त्रास परततो, तेव्हा रक्तातली औषधाची पातळी त्याआधीच घसरत असण्याचा संभव मोठा असतो. पुढच्या सलाइनच्या अगदी आधी रक्त काढून औषधाची पातळी आणि त्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मोजावीत. सोबत शौचातील कॅलप्रोटेक्टिन (आतड्याच्या दाहात वाढणारे प्रथिन) पाहावे, म्हणजे लक्षणे खरोखर दाहामुळेच आहेत हे कळेल.

पातळी कमी आहे पण प्रतिपिंडे नाहीत, असे आढळले तर मात्रा वाढवून किंवा दोन मात्रांमधले अंतर कमी करून बरेच रुग्ण सावरतात. प्रतिपिंडे भरपूर असतील, तर इन्फ्लिक्सिमॅबचा उपयोग संपला. तरी त्याच गटातले अडॅलिमुमॅब, शक्यतो अझाथायोप्रिनच्या जोडीने, लागू पडू शकते. पातळी पुरेशी असूनही आतडे सुजलेलेच असेल, तर दाहाची वाट वेगळी आहे असे समजावे आणि गट बदलावा. अशा वेळी मी टोफासिटिनिब किंवा तिच्याच गटातली उपाडासिटिनिब गोळी यांचा विचार आधी करतो, कारण इन्फ्लिक्सिमॅब निष्फळ ठरलेल्या रुग्णांतही त्यांचा परिणाम चांगला टिकतो. उलट, व्हेडोलिझुमॅबचा परिणाम अशा रुग्णांत काहीसा कमी दिसतो. युस्टेकिनुमॅब हे वेगळ्या गटातले बायोलॉजिक, हाही एक पर्याय आहे.

प्रश्न : वडिलांचे वय 67. मधुमेह आहे, हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे आणि तरुणपणी क्षयरोगावर उपचार झाले होते. परवडते म्हणून टोफासिटिनिब सुचवले आहे. घ्यावे का? (कोल्हापूर)

उत्तर : मी तरी टाळण्याचा आग्रह धरीन. भारतात या गोळीची जेनेरिक रूपे मिळू लागल्यापासून ती बायोलॉजिकच्या मानाने फार स्वस्त झाली आहे आणि अनेक तरुण रुग्णांना तिने खरोखर हात दिला आहे, हे मान्यच करावे लागेल. परंतु 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, 50 वर्षांवरील आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या संधिवाताच्या रुग्णांत, अडॅलिमुमॅबच्या गटातल्या औषधांच्या तुलनेत टोफासिटिनिब घेणाऱ्यांना हृदयविकार आणि कर्करोग अधिक झाल्याचे दिसले. रक्ताच्या गुठळ्यांचा आणि नागिणीचा धोकाही वाढतो. वडिलांच्या बाबतीत वय आणि हृदय, दोन्ही कारणे लागू होतात.

जुन्या क्षयरोगामुळे इन्फ्लिक्सिमॅबबाबतही सावध राहावे लागेल. एकदा क्षयरोग होऊन गेलेल्या माणसाची त्वचेची किंवा रक्ताची चाचणी पुढेही होकारार्थी येत राहू शकते, त्यामुळे तिच्यावर विसंबून भागत नाही. छातीचा एक्स-रे, गरज पडल्यास सीटी स्कॅन आणि त्या वेळचे उपचार पूर्ण झाले होते का याचे जुने कागद छातीरोगतज्ज्ञांना दाखवा. व्हेडोलिझुमॅब मुख्यतः आतड्यापुरतेच काम करते, म्हणून वडिलांसाठी ते मला अधिक सुरक्षित वाटते. मात्र त्याचा पूर्ण गुण यायला 14 आठवडेही लागतात. खर्चाचा प्रश्न खरा आहे. तो डॉक्टरांपुढे संकोच न करता आधीच मांडा, कारण दोन मात्रा घेऊन पैशांअभावी थांबणे हे न घेण्यापेक्षाही वाईट.

प्रश्न : मी 28 वर्षांची आहे. टोफासिटिनिबने आता अगदी बरी आहे. आम्हाला मूल हवे आहे. (ठाणे)

उत्तर : गर्भारपणात ही गोळी घेऊ नये. दिवस राहण्याच्या किमान चार आठवडे आधी ती बंद व्हायला हवी. पण नुसती बंद करणे धोक्याचे आहे, कारण आजार उसळलेला असताना दिवस राहिले, तर गर्भपाताची आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची शक्यता वाढते. म्हणून आधी इन्फ्लिक्सिमॅब, अडॅलिमुमॅब किंवा व्हेडोलिझुमॅबवर या, काही महिने तब्येत स्थिर राहू द्या आणि मग पुढचे ठरवा. ही औषधे गर्भारपणातही चालू ठेवता येतात. एक गोष्ट मात्र प्रसूतिगृहात आवर्जून सांगा : आपल्याकडे बाळाला जन्मतःच बीसीजी टोचतात. ही जिवंत लस असल्याने, गर्भात असताना इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडॅलिमुमॅब पोहोचलेल्या बाळाला ती निदान सहा महिने देऊ नये. बालरोगतज्ज्ञांशी हे आधीच बोलून ठेवा आणि फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

प्रश्न : तीन औषधे झाली. शस्त्रक्रिया म्हणजे सगळे संपले का? (सोलापूर)

उत्तर : मुळीच नाही. चौथे औषध लागू पडण्याची शक्यता पहिल्यापेक्षा कमी असते, म्हणून ते सुरू करतानाच शल्यविशारदांशी एकदा बोलून घ्यावे. मोठे आतडे काढून लहान आतड्याची पिशवी गुदद्वाराला जोडतात, बहुधा दोन किंवा तीन टप्प्यांत, आणि मधल्या काळात पोटावर शौच गोळा करणारी पिशवी लावावी लागते. पुढे दिवसाला पाच-सहा वेळा शौचास जावे लागते आणि अधूनमधून आतल्या पिशवीलाही सूज येते, पण सततचे रक्त आणि औषधांची साखळी बहुतेकांची सुटते.

मात्र दिवसाला सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच, त्यासोबत ताप किंवा 90 च्या वर नाडी अशी स्थिती असेल, तर औषध निवडण्याची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालयात दाखल व्हावे. तिथे शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडचा परिणाम तिसऱ्या दिवशी तपासतात. तो दिसला नाही, तर इन्फ्लिक्सिमॅब, सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) की शस्त्रक्रिया, हे तेव्हाच ठरवावे लागते.