ताट-वाटी वेगळी कशाला?

पंचेचाळिशीच्या ताई यजमानांबरोबर आल्या होत्या. निदान झालेलं होतं: पेम्फिगस व्हल्गारिस, म्हणजे तोंडात आणि कातडीवर फोड आणणारा रोग. आधी पाच महिने तोंड येत होतं. उष्णता म्हणून गुलकंद, मग बी-कॉम्प्लेक्स, मग जेल. पाठीवर पाण्याचे फोड उठले तेव्हा सासूबाईंनी ताट-वाटी, टॉवेल वेगळे केले. ताईंनी बसल्या बसल्या विचारलं, "मुलांना लागेल का हो?"

नाही लागत. ताटातून नाही, टॉवेलमधून नाही, फोडातल्या पाण्यातूनही नाही, कारण हा रोग जंतूंमुळे होतच नाही. ताईंच्या गाऊनला टिचबटणं होती, त्यांचाच दाखला दिला. कातडीच्या पेशी एकमेकींना अशाच टिचबटणांनी जोडलेल्या असतात, आणि त्या बटणांतलं एक प्रथिन म्हणजे डेस्मोग्लीन. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) बनवते. ती बटणं उघडतात, पेशी सुट्या होतात, मधे पाणी साचतं.

मग सुरुवात तोंडातच का? तोंडाच्या आतल्या अस्तराची भिस्त मुख्यतः डेस्मोग्लीन ३ वर असते. कातडीत डेस्मोग्लीन १ देखील असतं, म्हणून ३ निकामी झालं तरी ती टिकून राहते. १ विरुद्धही प्रतिपिंडं झाली की अंगावर फोड येतात. ताईंच्या रक्ततपासणीत दोन्ही पॉझिटिव्ह होती.

त्यांची तुकडा तपासणी (बायोप्सी) दोनदा करावी लागली होती. प्रतिपिंडं पाहायचा तुकडा फोडाशेजारच्या, चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा लागतो आणि तो फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुने टिकवायच्या नेहमीच्या द्रावणात, टाकला की वाया जातो. पहिल्या वेळी तेच झालं होतं.

यजमानांना मुलीची काळजी होती. काही जनुकांमुळे कल वाढतो, पण एकाच घरात दोघांना हा रोग होणं फार विरळ.

खरी चिंता वेगळीच निघाली. चेहरा सुजला म्हणून ताईंनी या रोगासाठी दिलेलं स्टिरॉइड तीन आठवड्यांनी आपणहून बंद केलं होतं. असं कधीही करू नये. बाहेरून स्टिरॉइड मिळत असताना शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. गोळी एकदम थांबली की फोड उसळतातच, शिवाय रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकतं. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच, टप्प्याटप्प्याने. प्रतिपिंडं बनणं कमी करणारं रिटुक्सिमॅब हे औषध देतात ते पुष्कळदा १००० मिलिग्रॅमचे दोन डोस, १५ दिवसांच्या अंतराने. त्याआधी हिपॅटायटिस बी आणि टीबीची तपासणी हवीच.

तोंड आलेलं असेपर्यंत भाकरी दुधात कुस्करून खावी. पापड, चिवडा, तिखट नको. ब्रश मऊ. फोडावर चिकटपट्टी लावू नये, काढताना कातडी सोलून येते. ताप, पू किंवा दुर्गंधी असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

पुढच्या वेळी सासूबाई आल्या. "पाठीला मलम मी लावते, हातमोजे घालू का?" घाला, पण ते तुमच्यासाठी नाहीत. उघड्या जखमेत आपल्या हातचे जंतू सूनबाईंना लागू नयेत म्हणून घालायचे, आणि आधी साबणाने हात धुवायचे.